चारशेंचं जेवण दोघांसाठी

४ फेब्रुवारी, मंगळवार

सोळा किलो सातशे! माझी सात वर्षांची बहीण आणि सोळा किलो सातशे. आमच्या या शाळेच्या स्वयंपाकघरातलं कांद्याचं पोतं याच्यापेक्षा जड असतं. बाबांनी फोनवर आकडा सांगितला. मी म्हटलं, काटा बिघडला असेल. "दोनदा उभी केली रे," म्हणाले.

तिच्या शाळेच्या नर्सबाईंनी चिठ्ठी दिलीय. २८ला परत वजन. तोपर्यंत साडेसतरा झालं नाही तर मावशी तिला घेऊन जाणार. स्वतःच्या गावी, तिकडच्या शाळेत, कायमची. बाबांनी मावशीला शब्दसुद्धा देऊन टाकला. मला न विचारता!

विचारून तरी मी काय केलं असतं? इथून?

आई तिला खार म्हणायची ते उगाच नाही. घास गालात भरायचा आणि बसून राहायचं. आई होती तोवर शेवटी गिळायची तरी. आता अकरा महिने झाले, गालातला घास तसाच घेऊन शाळेत जाते म्हणे. आणि घास तरी कसला – बाबा शिंपी माणूस, कोपऱ्यावरून पाव आणतात, नाहीतर काहीतरी तळलेलं. आयुष्यात कधी चूल पेटवली नाही त्यांनी. मी तरी कुठे पेटवली होती. आई गेली आणि महिन्याभरात मी पळालो इकडे. कामासाठी आलो असं सगळ्यांना सांगतो.

रोज चारशे पोरांना जेवू घालतो मी. चारशे! आणि घरची एक उपाशी.

५ फेब्रुवारी, बुधवार

गाजर सोडून बोट कापलं. मोठ्या बाई – आमच्या मुख्य स्वयंपाकीण – ओरडल्या, "ए शहाण्या, मांसाहार सुरू केलायस का आजपासून?" सगळे हसले. मीपण हसलो.

दुपारी मुख्याध्यापक आत आले. पालकांची मागणी आहे – पोरं घरी जाऊन म्हणतात, शाळेतल्यासारखं कर. म्हणून एक कार्ड छापायचं. शाळेतलं पौष्टिक जेवण घरी कसं करायचं, चार माणसांचं माप. पहिलं कार्ड डाळ-भोपळ्याच्या दाट सूपचं, कारण ते सगळ्यात जास्त संपतं. मोठ्या बाई म्हणाल्या, "मला मेलीला लिहायला वेळ कुठे? आणि हे भागाकार कोण करणार?"

मी हात वर केला. मी! सातवीत दोनदा बसलेला.

लंबू भांडी घासत होता. म्हणतो, "मास्तर, आधी हजेरीत स्वतःचं नाव सरळ लिहा." घास तू भांडी. हे कार्ड पालकांसाठी नाहीच. हे बाबांसाठी आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं. तीन कागद फाडले.

आपल्याकडे चारशेंना – डाळ वीस किलो, भोपळा तीस किलो, पाणी साठ लिटर, मीठ एक किलो. पालकांच्या कार्डावर चार माणसं, म्हणजे भागिले शंभर. बाबा आणि खार दोघं, म्हणजे भागिले दोनशे. डाळ शंभर ग्रॅम, भोपळा दीडशे, पाणी तीनशे मिली, मीठ एक चहाचा चमचा. दोनदा तपासलं. लंबूलापण तपासायला लावलं, त्याचंही तेवढंच आलं. तोंड वाकडं करून म्हणाला, "बरोबर आहे, मास्तर."

फक्त वेळेला भागलं नाही. पावणेदोन तास मंद आचेवर, ते तसंच ठेवलं. एवढी अक्कल आहे मला. तासाभराच्या रस्त्याला बसमध्ये दोन माणसं बसली काय, दोनशे बसली काय, तासच लागतो.

मोठ्या बाईंनी वरवर पाहिलं आणि सही ठोकली. छपाईला गेलंसुद्धा!

९ फेब्रुवारी, रविवार

खार बोलली आज. आधी नुसता श्वास ऐकू येत होता. मग –

"दादा, तिथली पोरं सगळं खातात?"

मी म्हटलं, कुठलं गं! म्हणून तर आमच्याकडे उष्ट्याचा डबा आहे. ताटात राहिलेलं सगळं त्यात जातं आणि रोज आम्ही तो डबा तोलतो. मोठ्या बाई पोरांना कधी विचारत नाहीत आवडलं का म्हणून. पोरं खोटं बोलतात, डबा बोलत नाही, म्हणतात. डबा हलका तर स्वयंपाक चांगला.

"माझा डबा जड आहे," खार म्हणाली.

म्हटलं, आता बाबा तुला मस्त सूप करून देणार आहेत, मी शिकवतोय त्यांना.

"तू ये ना मग वाढायला."

सुट्टी मागितली होती. परीक्षा होईपर्यंत नाही म्हणाले. गेलो तर परत येऊ नको, असंही म्हणाले.

बाबांना सांगून ठेवलं – खारीच्या ताटात उरेल ते चमच्याने मोजायचं आणि मला रोज आकडा सांगायचा. "बरं," म्हणाले. बाबांना मोजायचं काम दिलं की ते बरे असतात.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कार्ड आज पोरांच्या हाती घरी गेलं. बाबांना मी फोनवर सांगितलं, त्यांनी गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत उतरवून घेतलं. मी म्हटलं, भोपळ्याची कंबर किती लिहिलीत? हसले! किती दिवसांनी.

"पावणेदोन तास म्हणजे पावणेदोनच ना?"

"पावणेदोनच. मधे मधे झाकण उघडत बसू नका, वाफ जाते."

"तू म्हणशील तसं."

उद्या करणार आहेत. खार शाळेतून लवकर येते उद्या, गरम गरम खाईल.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चार वेळा फोन केला. उचलत नाहीत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी एक बाई थेट स्वयंपाकघरात. हातात काळंठिक्कर भांडं. आदळलं टेबलावर! "तुमच्याकडचं पाणी उडत नाही का हो? माझ्याकडचं तर अर्ध्या तासात गेलं! घरभर धूर!" तिच्या मागे आणखी दोघी. एकीने सोबत फक्त झाकण आणलं होतं, भांडं आणण्यासारखं राहिलं नव्हतं म्हणे.

मोठ्या बाईंनी कार्ड हातात घेतलं. नीट वाचलं – आत्ता! मग माझ्याकडे बघितलं. "पावणेदोन तास? चार माणसांना?" ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "अरे बाळा, साठ लिटर पाण्याला नुसती उकळी यायलाच तास जातो. वाडगाभर पाण्याला काय?"

मला पुढचं ऐकू आलं नाही. मागच्या दाराने बाहेर, फोन लावला. आज उचलला.

"हं, लागलं जरा."

"जरा म्हणजे?"

"भांडं टाकून दिलं."

"आणि खार?"

"बरी आहे."

"तुम्ही कुठे होतात?"

"पुढे. मशीनवर. तू म्हणालास तेवढा वेळ शिवत बसलो." मग म्हणाले, "वेळ चुकला होता का रे?"

हो म्हटलं. माझाच चुकला. ते म्हणाले, "होतं असं. कापड असतं तर उसवून घेतलं असतं."

मावशीला कळलं का विचारलं. "आली होती. गेली," म्हणाले.

पहिलाच घास जळका गेला तिच्या नाकात. आता ती कशाला तोंड उघडतेय! पंधरा दिवस राहिलेत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वाटलं होतं आज काढून टाकतील. मोठ्या बाईंनी पोरांची पंगत उठल्यावर मला थांबवलं. शेगडीवर एक छोटं भांडं ठेवलं. आमच्या त्या हंड्यांमध्ये ते खेळण्यातलं वाटत होतं. "घड्याळ काढ," म्हणाल्या. "घड्याळाने शिजत नसतं. डाळीचा दाणा बोटात धर. चिरडतोय? नाही? मग पाणी घाल. आता?"

पंचवीस मिनिटं. फक्त!

शेवटी लिंबू, आणि वर एक चमचा लोणी. "कोणासाठी धडपडतोयस एवढा?" विचारलं. सांगितलं सगळं. त्या बराच वेळ ओटा पुसत राहिल्या. आधीच स्वच्छ होता.

नवीन कार्ड त्यांनी स्वतः सांगितलं, मी लिहिलं. बाबांना फोनवर दोनदा म्हणायला लावलं – दाणा बोटात धरायचा, शेगडीपासून हलायचं नाही. "नाही हलत," म्हणाले.

१६ फेब्रुवारी, रविवार

खार झोपलीय म्हणे. दिवसाढवळ्या! मी म्हटलं, अंगात शक्ती नाही म्हणून झोपते. उठवा. "झोपू दे रे," म्हणाले.

काल सूप केलं होतं. ताटात उरलं – पाच चमचे.

पाच! म्हणजे बाकीचं पोटात!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

तीन चमचे. आज गाजर-वाटाणे घातलेला भात सांगितला, बरोबर उकडलेलं अंडं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

एक.

२० फेब्रुवारी, गुरुवार

शून्य!!

लंबूला मिठी मारली, साबणाच्या फेसासकट. "लग्न ठरलं का मास्तर?" म्हटलं, ताट रिकामं झालं! त्याला वाटलं डोकं फिरलंय. आमचा डबा आज साडेचार किलो भरला, बाबांचा शून्य. चारशे पोरांत जे जमत नाही ते एका शिंप्याने करून दाखवलं.

पण भीती वाटते. शून्य म्हणजे गालात तर नाही ना धरून बसली? बाबांना सांगितलं, तोंड उघडायला लावून बघा. "बघितलं," म्हणाले. लगेच म्हणाले. बघून यायला वेळ लागतो की थोडा.

काय पण मी! स्वतःच्या बापावर संशय घेतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

खार आली फोनवर. आवाज मोठा झालाय, खरंच! मी विचारलं, काल काय खाल्लंस?

"भात. आणि मासा."

मासा? मी कुठे सांगितला होता मासा? बाबांनी फोन घेतला, "शेजारून आला होता." बरं. मासा चांगलाच. परत खारीला दिला.

"दादा, तू रागावणार नाहीस ना?"

"कशाला गं?"

"असंच."

आणि फोन बंद.

दिवसभर तेच डोक्यात. कशाला रागावू? वजन वाढलं नाही म्हणून? तिला माहीत आहे का हे सगळं? साडेसतरा, मावशी, सगळं? सात वर्षांच्या पोरीने घास गिळताना किलो मोजायचे का? आणि हे तिच्या डोक्यात घातलं कोणी – मीच ना. रोज फोन करून चमचे मोजायला लावणारा!

ती गेली तर बाबा त्या घरात एकटे. मशीनचा आवाज आणि बाबा. मग मला परत जायला घर तरी कुठलं? लिहिलं एकदाचं. नुसत्या तिच्यासाठी नाही करत मी हे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

शून्य. बीन्सची भाजी, भाजलेला बटाटा, दही. बाबा आता स्वतःच विचारतात, "उद्या काय?" फोडणी बिघडली तर त्यांनाच राग येतो. आज मला म्हणाले, "तुझ्या त्या बाईंना विचार, बटाटा आतून कच्चा का राहतो." शिंपी राहिलेच नाहीत!

२६ फेब्रुवारी, बुधवार

झोप नाही. काम धड नाही. भाताच्या हंड्यात मीठ दोनदा पडलं. आमचा डबा आज एकवीस किलो भरला. मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, "परवा होऊन जाऊ दे तुझं वजन एकदाचं."

माझं वजन!

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सतरा किलो सहाशे!!! सतरा सहाशे! साडेसतरापेक्षा शंभर ग्रॅम जास्तच!

बाबांनी सांगितलं तेव्हा मी हंडा ढवळत होतो. पळी आतच पडली. लंबूने मला उचलून घेतलं, सगळे टाळ्या वाजवायला लागले, पोरंपण खिडकीतून बघायला लागली. मोठ्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "कांदा आहे," आणि समोर कांदा नव्हता.

बाबांना म्हटलं, जिंकलात! "हं," म्हणाले. दमलेत बिचारे.

आता मावशीची काय बिशाद! खार घरीच राहणार!

१ मार्च, शनिवार

मावशीला फोन केला. फुशारकी मारायलाच केला. तिने सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "अरे, बारा तारखेपासून ती माझ्याकडे आहे."

धुराच्या दिवसापासून. खार आत झोपली होती. शेजाऱ्यांनी उचलून बाहेर काढली. रात्रभर खोकत होती. मावशीने तिथूनच नेली. कालचं वजनही तिकडच्या शाळेत झालं. गेल्या रविवारी बाबा तिला भेटायला तिकडेच गेले होते, फोन तिथूनच दिला होता तिच्या हातात. "आता इथेच राहू दे. हसायला लागलीय. तुझे बाबाच म्हणाले, त्याला सांगू नको, तिथे एकटा आहे तो."

मागून खारीचा आवाज आला. कुणाशी तरी भांडत होती. जोरात.

ते शून्य बाबांच्या ताटातलं होतं.

दुपारी बाबांना फोन लावला. बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. त्यांनी उचलल्या उचलल्या सांगितलं, "आज शून्य." आणि विचारलं, "उद्या काय करू?"

मी वाटाण्याचं सूप सांगितलं. दोघांचं माप.