रॉकेलचा बैल आणि आपले नाना

धुळे,
पोळ्याचा दुसरा दिवस

सौ. अक्कास,

प्रमिलाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (भाऊजींचं विचारत नाही, त्यांचा गुडघा काम सांगितल्यावरच दुखतो.) नानांना वरणगावला न्यायला रविवारी येतेस म्हणून तुझं पत्र मिळालं. "तुझ्याकडे ते मुके झालेत," असं लिहिलंस, ते तेव्हा खरंच होतं. आई गेल्यावर नाना इथे आले ते भिंतीकडे तोंड करूनच. शेजारच्या धुरपदाबाईंनी राम राम घातला की दार लावून घ्यायचे.

मग पांजरपोळातल्या बन्सीलालभाऊंनी एक म्हातारा बैल फिरवायला माणूस मागितला. मालकाने टेम्पो घेतला आणि याला आग्रा रोडवर सोडून दिला होता. नाना काही बोलले नाहीत, पण दोर हातात घेतला. (बैलही बोलत नाही, हे आवडलं असावं.)

फसगत अशी, की हा बैल जन्मभर रॉकेलच्या गाडीला होता आणि आमची गल्ली त्याच्या फेरीतली निघाली! दर दाराशी थांबायचं, बाई बाहेर येऊन गाडीवाल्याशी दोन शब्द बोलली की मगच हलायचं, ही त्याची सवय. नानांनी ओढलं, ढकललं, नोकरीत असताना फॅक्टरीतल्या कामगारांवर वटारायचे तसे डोळे वटारले. बैल ढिम्म. शेवटी धुरपदाबाई बाहेर आल्या.

"काय नाना, रॉकेल शे का?"

"रॉकेल नही, बैल शे!"

बैल चालू लागला. पुढच्या दारी पुन्हा उभा.

तेव्हापासून नाना रोज अख्ख्या गल्लीशी बोलतात. सुरुवात नाइलाजाने झाली, पण आता कोणाच्या सुनेला दिवस गेलेत हे मला तेच सांगतात. काल पोळ्याला तर त्यांनी बैलाच्या पाठीवर आईच्या जुन्या शालूची झूल घातली. मिरवणूक निघाली आणि पठ्ठ्या पहिल्याच दाराशी थांबला. मागे पाटलांची डौलदार जोडी खोळंबली, लोक ओरडायला लागले, आणि नाना शांतपणे म्हणाले, "पहिले बोलू तर द्या!" दर दारी ओवाळणं, दर दारी पुरणपोळी, पाटलांच्या जोडीला उरलंसुरलं. मारुतीच्या देवळाशी पोचले तेव्हा नानांची छाती बैलापेक्षा रुंद होती.

तुझी,
प्रमिला

ता. क. : तेव्हा नानांना नेऊ नकोस. बैलाला सोडून ते येणार नाहीत.

ता. क. २ : असं नाना म्हणालेले नाहीत. ते पिशवी भरून तयार आहेत. पण अक्का, बैल आमच्याही दाराशी थांबतो, आणि मी बाहेर येऊन नानांशी दोन शब्द बोलेपर्यंत हलत नाही. एका घरात राहून एवढं तरी आम्ही कुठे बोलत होतो?