रॅम ठेवायची की परत द्यायची

सांगली, मंगळवार, ११ मार्च १९९७

कॉम्प्युटरवाल्याने काल रॅमची जादा पट्टी बसवून दिली. दोन दिवस वापरा, पटली तर ठेवा, म्हणाला. उद्या सांगायचंय. जुन्या यंत्राच्या अंगात वारं शिरलंय, यात वाद नाही. पत्रिका जुळेपर्यंत पूर्वी कपभर चहा पिऊन व्हायचा. आता चष्मा पुसूनही होत नाही.

पण आज शिराळ्याहून एक बाई आल्या. लेकीची आणि सांगून आलेल्या मुलाची जन्मवेळ दिली. हिने पाण्याचा पेला आणून ठेवला, तेवढ्यात पडद्यावर निकाल. गुण उत्तम जुळले.

"झालं बी, गुरुजी?"

"झालं."

त्यांनी पाण्याला हातही लावला नाही. एरवी यंत्र कुरकुरत बसलं की माणसं बोलायला लागतात. मुलगा कसा, घर कसं, मुलीच्या मनात काय. मी नुसता हं हं करतो. आज तेवढी फुरसत होती कुठे?

कागदाची घडी घालून उठल्या, दारात थांबल्या. "आवं गुरुजी, जरा सावकाश काढलं तर गुण कमी येत्याल का?"

मी हसलो. गणित आहे बाई, कितीदाही काढा, तेच येणार. त्या मान हलवून चपला घालून गेल्या.

त्यांना गुण कमी कशाला हवे होते, हा प्रश्न मला आत्ता जेवताना सुचला. पेला अजून टेबलावर भरलेलाच आहे.

पट्टी काढून न्यायला सांगतो. कारण विचारेलच तो. फार चांगली चालते, एवढंच सांगेन.