मागच्या शेडची पक्की लाइन

प्रिय अहो,

तुम्हाला जाऊन आता दोन वर्षं होतील. इतक्या दिवसांत पत्र लिहावंसं वाटलं नाही, कारण मनातल्या मनात बोलणं चालूच होतं. पण उद्या सकाळी दिलीप खडवलीला येतोय, मागच्या शेडला पक्की लाइन टाकायला. तुम्हाला न सांगता तुमच्या शेडला हात लावणं बरं वाटेना.

मोहने गावच्या कंपनीतून वायरमन म्हणून रिटायर झालात, डोंबिवलीचा फ्लॅट सोडून आपण इथे आलो, आणि पहिल्याच महिन्यात बागेच्या टोकाला तुम्ही ही पत्र्याची शेड उभारलीत. गावातले मिक्सर, पंखे, पंप दुरुस्तीला यायला लागले. स्वयंपाकघरातल्या प्लगमधून एक वायर काढलीत, खिडकीतून बाहेर, कपड्यांच्या दोरीवरून थेट शेडमध्ये. मी म्हटलं, "हे काय?" तर म्हणालात, "टेम्पररी आहे गं. दिवाळी झाली की पक्की करतो." किती दिवाळ्या गेल्या, आठवतंय? चार.

आणि अख्ख्या गावाला अर्थिंगचं महत्त्व सांगत फिरायचात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच ना?

गेल्या पावसाळ्यात शेजारची विमल आली, धाकटीला कडेवर घेऊन. तिचा मिक्सर तुमच्याकडेच राहिला होता. "काकू, द्याल का काढून?" तुम्ही गेल्यापासून मी त्या शेडचं कुलूप काढलंच नव्हतं. आतला दिवा लागावा म्हणून स्वयंपाकघरातलं बटण चालू केलं, छत्री घेऊन गेले, ओल्या हाताने पत्र्याचं दार धरलं आणि खांद्यापर्यंत झिणझिणत मागे चिखलात पडले. विमलने धावत जाऊन बटण बंद केलं. पत्र्याच्या कडेला घासून घासून वायरचं आवरण गेलं होतं.

मी वाचले. पण त्या दिवशी तुमच्यावर चिडले, अगदी मनापासून. तुम्ही गेलात तेव्हा नुसतीच रडले होते, रागवायचं राहून गेलं होतं बहुतेक. माझ्याऐवजी विमलने दार धरलं असतं तर? कडेवर पोर होतं हो तिच्या.

निखिल ठाण्याहून लगेच आला. म्हणाला, "आई, पाडून टाकू ना ती शेड. कोण बघणार तिच्याकडे? आणि तूही चल आता माझ्याकडे." मी म्हटलं, "शेड राहील, मीही राहीन. मला तिथे शिवणाचा क्लास काढायचाय." विमल आणि आणखी चौघीजणी शिकवा म्हणून कधीच्या मागे लागल्यात माझ्या.

मग दिलीपला बोलावलं. तुमच्या हाताखाली शिकला, आता आंबिवलीत त्याचं स्वतःचं दुकान आहे. वायर बघून म्हणाला, "वहिनी, याच वाटेने नवीन वायर ओढतो. तासाभराचं काम."

मी त्याला बसवलं, चहा दिला आणि माझा कागद पुढे केला. मोटरची दोन शिलाई मशिनं, दोन पंखे, तीन ट्यूब, एक इस्त्री. इस्त्री एकटीच बाकी सगळ्यांना भारी, म्हणून तिची वायर जाड आणि प्लग वेगळा. मेन बोर्डातून शेडची स्वतंत्र लाइन, जमिनीखालून जाड कवचाची केबल, शेडला स्वतःचं अर्थिंग, आणि करंट गळाला की क्षणात लाइन तोडतो तो स्विच.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तीस वर्षं यांच्या हातात टेस्टर देत उभी होते. ऐकू येत होतं मला."

तुम्ही मला कधी बोर्डाला हात लावू दिला नाहीत. का बरं? शिकले असते की.

केबलची वाट ठरवायला आम्ही बागेत गेलो. एका बाजूला सेप्टिक टँक, दुसऱ्या बाजूला जांभळाची मुळं. सरळ वाट एकच, माझ्या अबोलीच्या वाफ्यातून. तिथे दिलीप थांबला. म्हणाला, "दादा इथेच अडले होते, वहिनी. दोनदा आखून झालं होतं आमचं. म्हणायचे, तिने गावाहून हौसेने आणलीय, नको उपटायला."

अहो, विचारायचं होतंत ना मला एकदा. अबोलीचं काय, फांदी खोचली तरी लागते. चार वर्षं तुम्ही माझी फुलं सांभाळत बसलात आणि मी तुम्हाला आळशी म्हणत राहिले. एका वाक्याचं काम होतं ते, आपल्या दोघांपैकी कुणाच्याच तोंडून निघालं नाही.

काल मी आणि विमलने वाफा रिकामा केला. रोपं कुंपणालगत लावली. दोन-तीन कोमेजलीत, बाकीची धरतील असं वाटतंय. राग गेला का, म्हणाल तर बराचसा गेलाय. थोडा ठेवलाय. तुमच्याशी भांडायला काहीतरी हवंच की.

एक शब्द देते. या शेडमध्ये शिकायला येईल त्या प्रत्येक बाईला मी आधी मेन स्विच दाखवेन, तो स्वतःच्या हाताने बंद-चालू करायला लावेन. सुई-दोरा त्यानंतर.

तुमची,
सुलभा