त्या चार ओळी कोणाच्या

गुरुवार, संध्याकाळी साडेसात

आमचे मॅनेजर देशपांडे सर, त्यांचं वाक्य डोक्यातून जात नाही. "अहो, आपण इथे अन्नछत्र उघडलंय का?"

असं काय मागितलं होतं मी? देवनागरीत लिहिलेल्या तारखा ओळखणारी ती लायब्ररी, म्हणजे कोणत्याही सॉफ्टवेअरला जोडता येणारा तयार कोड, माझी. पाच वर्षं रविवार घालवले तिच्यावर आणि ओपन सोर्स म्हणून सगळ्यांसाठी मोकळी ठेवली. कंपनीनेही उचलली. काल तिच्यात २९ फेब्रुवारीची चूक निघाली, ती मीच ऑफिसात बसून कंपनीच्या कॉपीत चार ओळींत दुरुस्त केली. आज म्हटलं, सर, या चार ओळी मूळ लायब्ररीत टाकतो. तर म्हणे, ऑफिसच्या वेळेत लिहिल्यात, बाहेर द्यायच्या नाहीत.

"पण सर, लायब्ररी माझीच आहे."

"असेल. दुरुस्ती आमची आहे."

आणि यांच्याच भिंतीवर पोस्टर, 'आमचं ओपन सोर्सवर प्रेम आहे.' प्रेम म्हणे! फुकट मिळतंय तोवर.

मीच मूर्ख. गपचूप टाकून मोकळा झालो असतो तर? विचारायला कोणी सांगितलं होतं?

घरी आलो तर गडचिरोलीच्या एका शिक्षिकेचा मेसेज. त्यांच्या वर्गातल्या एका मुलीचा जन्म २९ फेब्रुवारीचा, म्हणून माझ्याच लायब्ररीवर चालणाऱ्या शाळेच्या यादीत तिचं नावच चढत नाही. "सर, चूक सापडली का?"

चार ओळी. तोंडपाठ आहेत मला.

उत्तर लिहिलं, "नाही, अजून शोधतोय."

त्या चार ओळी कंपनीच्या. ही पाचवी, खोटी, तेवढी माझी.