बशीखालची अंडी

१२ जानेवारी

बशीची कड पांढरी पडली आहे! नखभर. काल नव्हती – की होती आणि मी पाहिली नाही?

टाकीवरचा दिवा खाली घेतला, वर घेतला. पाणी बदललं – गिमारास बेटाच्या नावाड्याकडचं समुद्राचं ताजं पाणी, दोन निळे कॅन. फरक नाही. बाकी सगळं ठीक, मासे खातायत, काच स्वच्छ. फक्त बशी. टाकीतलं दुसरं कुठलंही प्रवाळ गेलं असतं तरी चाललं असतं.

१३ जानेवारी

पहाटे, टाकीचा दिवा लागायच्या आधी, बॅटरी घेऊन पाहिलं. सापडले! बशीच्या खालच्या अंगाला – पांढरे, तांदळाच्या कणीएवढे, पाठीवर झालर. बिनशंखाच्या गोगलगायी. चार मोजल्या. शेजारी अंड्यांचे पुंजके, साबुदाण्याच्या चुऱ्यासारखे. रेनांतेने एकदा चित्र दाखवलं होतं – "हे किडे फक्त बशीच्या जातीचं प्रवाळ खातात. घरात आले की संपलं."

आले कसे तेही मला माहीत आहे. नाताळात मानांग नेनिता, माझी नणंद, रेनांतेची थोरली बहीण, सेबूला जाऊन आली. गावाला जाऊन ती रिकाम्या हाताने परतली असं कधी झालेलं नाही. यंदा माझ्यासाठी पिशवीत पाणी, पाण्यात बशीच्याच जातीच्या हिरव्या प्रवाळाचा तुकडा. नवं प्रवाळ आधी औषधातून काढायचं, महिनाभर वेगळ्या भांड्यात ठेवायचं – रेनांतेचा पहिला नियम. पण मानांग खुर्ची ओढून टाकीसमोर बसली. "टाक की! बघू दे कसा दिसतो." प्रेमाने आणलेली भेट तिच्या डोळ्यांदेखत बादलीत ठेवायची? म्हणजे तुझी वस्तू घाणेरडी, असंच ना? दिला सोडून. तिने टाळ्या वाजवल्या.

मला नाही जमलं. कुणाला जमलं असतं?

१४ जानेवारी

हिरवा तुकडा काढून टाकला. उशीर झालाच आहे.

रेनांतेला कळवावं का?

बशी त्याची. नऊ वर्षांपूर्वी अंगठ्याएवढा तुकडा आणला होता, आता जेवणाच्या ताटाएवढी आहे, तरी आम्ही बशीच म्हणतो. चौदा महिन्यांपूर्वी तो पलावानला नोकरीला गेला. "सहा महिने." भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर निदान समेट कशावर करायचा ते तरी कळलं असतं. आधी रोज फोन. मग रविवारी. मग सणाला. ऑगस्टपासून तेही नाही. मी केला नाही कारण त्याने केला नाही. त्याचंही तसंच असेल – किंवा नसेल.

१५ जानेवारी

फोटो पाठवला. वर एक अक्षर नाही, नुसता फोटो.

चौथ्या मिनिटाला फोन! "इंदाय, कधीपासून आहे हे? घरात आयोडीन आहे का?"

पाच महिन्यांनी पहिलं बोलणं – लाडाने 'इंदाय', आणि पुढे आयोडीन आहे का! मला हसू आलं. मग गॅस बंद करायचं निमित्त करून आत गेले आणि जराशी रडले. गॅस बंदच होता.

१६ जानेवारी

पहिली आंघोळ. त्याने व्हिडिओवर बघून करवून घेतली. टाकीचंच पाणी पातेल्यात, कोऱ्या चहासारखं होईपर्यंत आयोडीनचे थेंब, त्यात बशी दहा मिनिटं. पिचकारीने खालून फवारे मारायचे. किडे सुटतात, तळाशी लोळतात. सोळा निघाले! अंड्यांना मात्र औषधाने काही होत नाही. ती दात घासायच्या ब्रशने खरवडायची, एकेक पुंजका. राहतील ती आठवड्याभरात फुटणार. म्हणून दर पाच दिवसांनी पुन्हा.

"जपून गं! भांडी घासतेयस का?"

"तू कधी घासलीस, म्हणून तुला माहीत?"

हसला. तेच हसणं – आधी नाकातून, मग तोंडाने.

२१ जानेवारी

आता रोज पहाटे साडेपाचला फोन. त्याची ड्यूटी सहाला, माझी बेकरी सातला. मी फोन टाकीसमोर धरते, तो बघतो. पण सगळा वेळ काही किडेच नसतात. काय जेवलीस. तिकडचा पाव म्हणे नुसता गोड. गुडघा कसा आहे. गुडघा लक्षात आहे त्याच्या!

फोन टाकीकडे वळवलेला, मी त्याला दिसत नाही. तरी आधी केस विंचरते.

२६ जानेवारी

आज गावचा दिनाग्यांग उत्सव. सकाळपासून ढोल, टाकीतलं पाणी थरथरतंय. त्याला ऐकवलं. मग म्हणाला, "आवाज मोठा कर ना." मोठा कसा करणार! खिडकीतून फोन बाहेर धरून उभी राहिले, हात अवघडेपर्यंत.

५ फेब्रुवारी

मानांग जेवायला होती. किड्यांचं तिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पण साडेपाचच्या फोनची बातमी शेजारणीकडून पोचलीच.

"सख्ख्या बहिणीला वाढदिवसाला फोन नाही, आणि माशांची विचारपूस रोज? मला खवले फुटले की माझीही करेल."

"टाकीत जरा अडचण आहे, मानांग."

"असू दे, असू दे. मासे बघायला केस कोण विंचरतं, रोवेना? म्हातारी आहे मी, आंधळी नाही." आणि माझ्या भातावर आमटी ओतली, मी नको नको म्हणत असताना.

लाजले मी. शेहेचाळिसाव्या वर्षी!

११ फेब्रुवारी

आज आंघोळ झाल्यावर तो म्हणाला, "सलग सहा आठवडे काही दिसलं नाही, की मी येतो."

पिचकारी हातात तशीच राहिली.

"इथे टाकी लावलीय मी, इंदाय. मोठी. बशी घेऊन जाईन. कीड इकडे यायला नको म्हणून सहा आठवडे. तिथली टाकी मग विकून टाक. तुला कशाला तो व्याप."

"हो," मी म्हटलं. "व्यापच आहे."

१२ फेब्रुवारी

नव्या जागी टाकी कोण लावतं? ज्याला तिथेच राहायचं असतं तो.

१८ फेब्रुवारी

आज काही नाही! भिंगाने दोनदा पाहिलं. एक किडा नाही, एक अंडं नाही.

साडेपाचला फोन. "काय दिसतंय?"

"अंडी," मी म्हटलं. "दोन पुंजके. पार आतल्या बाजूला आहेत, फोनवर नाही दिसायचे."

"अरेरे. मग आज पुन्हा आंघोळ."

"पुन्हा."

खोटं बोलून पातेलं काढलं. आणि – लिहायला लाज वाटते – आनंदही झाला होता.

२३ फेब्रुवारी

तीन पुंजके सांगितले. ब्रशने काहीच नसलेली जागा खरवडली, त्याच्यासमोर.

"दमलीस ना?" म्हणाला.

२८ फेब्रुवारी

आंघोळ. आज वीस मिनिटं बोलला. खोलीसमोर समुद्र आहे, पण बघणं होत नाही. भात एकट्यापुरता शिजवता येत नाही, उरतोच, मग दोन्ही वेळा तोच. मी विचारणार होते – मग तिथे का? विचारलं नाही. विचारलं असतं आणि त्याने खरं सांगितलं असतं तर?

८ मार्च

बशी फिकी पडली आहे. या वेळी नुसती कड नाही, सगळी. केशरी होती, आता उकडलेल्या भोपळ्यासारखी दिसते. किडा एकही नाही. हे आयोडीनचं काम आहे. माझं काम आहे. धडधाकट जीवाला मी दर पाच दिवसांनी औषधात बुडवते आहे – एका फोनसाठी! नऊ वर्षं वाढायला लागली तिला. किड्यांनी कड खाल्ली, बाकीची मी खाल्ली.

उद्या सांगायचं. सांगितलं की साडेपाच संपणार, बशी जाणार, तोही – म्हणजे जो काही उरला आहे तो. तरी सांगायचं.

९ मार्च

सांगितलं.

"अठरा फेब्रुवारीपासून काही नाहीये. मी खोटं बोलत होते."

"का?"

"तुझा फोन थांबला असता."

कोंबडा आरवला – त्याच्याकडचा की इकडचा, कळलं नाही. मग म्हणाला, "ड्यूटीची वेळ झाली."

संध्याकाळी संदेश : "आंघोळ बंद कर. २ एप्रिलला येतो. खोका घेऊन येतो."

१० मार्च

फोन नाही.

११ मार्च

नाही. साडेपाचला जाग मात्र येते.

२० मार्च

रंग परत येतोय! खाल्लेल्या कडेच्या पांढऱ्या हाडावर केशरी चढतंय, केसाएवढं. धावत जाऊन कुणाला तरी सांगावंसं वाटलं. पण हे कळणारा माणूस जगात एकच आहे. फोटो काढला. पाठवला नाही.

२९ मार्च

मानांगला सांगावंच लागलं, तो येतोय म्हणून.

"देवा! कायमचा?"

"बशी न्यायला."

ती हातातलं बिस्कोचो खायची थांबली. "आणि तू?"

"मी काय?"

"तुला कोण नेणार?" मग माझा चेहरा बघून घाईघाईने, "त्याच्या खोक्यात तू मावायची नाहीस म्हणा, बेकरीतलं खाऊन खाऊन."

दोघी हसलो. ती जाताना माझा हात बराच वेळ सोडेना.

१ एप्रिल

सहा आठवडे पूर्ण. शेवटचं पाहून घेतलं, वरून, खालून, भिंगाने. बशी अगदी निर्मळ आहे. एक तरी असावं असं मनात आलं, आणि दुसऱ्याच क्षणी बशीची माफी मागितली. मोठ्याने! घरात कोण ऐकणार आहे.

२ एप्रिल

आला. कानशिलं पांढरी झालीत. माझ्याकडे कमी पाहिलं, टाकीकडे जास्त. कॉफीला हात लावला नाही, बाह्या सारल्या, बशी उचलून उलटी धरली, भिंग डोळ्याला लावलं. मी खोक्याचं झाकण उघडून उभी.

किती तरी वेळ पाहत होता.

"अंडी आहेत," म्हणाला. "नाही नेता येणार. पुन्हा सहा आठवडे. आणि फोनवर नाही जमत हे, इंदाय. इथे राहूनच करावं लागेल."

भिंग माझ्या हातात दिलं. मी वाकून पाहिलं. काठापर्यंत स्वच्छ. काहीच नव्हतं.

"दिसली?"

"हो," मी म्हटलं. "तीन पुंजके."

"पाच," तो म्हणाला. "नीट बघ."