उशिरा उठणारी बोटं

प्रिय ताई,

फोनवर तू "मी बरी आहे गं" म्हणून विषयच संपवतेस. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहितेय.

आमची नवी प्रयोगशाळा अखेर उभी राहिली. आईला सांग, आपली पोरगी नळ्या धुते असं शेजारी सांगत फिरू नकोस. धुवायला आता यंत्र आलंय. शरीराची रोगाशी लढणारी ताकद कधी कधी शरीरावरच उलटते, कुंपणानेच शेत खावं तशी. ते रक्तात शोधायचं, आणि एकेक नमुना नाही, एका दिवसात शेकडो. लहान दवाखान्यांकडे असली यंत्रं कुठली? म्हणून सगळ्यांत मिळून एकच जागा. नोकरीच्या मुलाखतीत मी हेच म्हणाले होते, आणि अगदी मनापासून.

सामाईक म्हटलं की भांडण आलंच. इथले दोन विभाग म्हणजे एका चुलीवरच्या दोन जावा. खिडकीजवळचं टेबल कुणाचं, फ्रीजरचा वरचा कप्पा कुणाचा! तो फ्रीजर दारातून आत जाईना, तेव्हा मात्र दोघींनी मिळून चौकट उखडली. नमुने भरणाऱ्या यंत्राच्या हाताला आम्ही 'धाकटी सून' म्हणतो. दिवसभर थेंब थेंब वाढते, तोंडातून चकार शब्द नाही.

यंत्र कामाला लावण्याआधी त्याची परीक्षा घेतात. आजारी कोण, निरोगी कोण, हे आपल्याला माहीत असलेलं रक्त त्याला द्यायचं आणि ते ओळखतं का बघायचं. प्लास्टिकच्या ताटलीत इवले इवले खळगे असतात; आजाराची खूण सापडली की तो खळगा पिवळा होतो. निरोगी रक्त म्हणून आम्ही आपापलंच दिलं होतं. नळीवर नाव नाही, नुसता क्रमांक. तर त्यातला एक खळगा पिवळाधमक! लगेच दोन्ही जावा सुरू: "तुम्ही नीट धूत नाही", "तुमची सूनच वेंधळी." यंत्र जोडायला आलेल्या इंजिनिअरने सगळ्या सुया काढून साफ केल्या. पुन्हा पिवळा. मग त्या नमुन्याची जागा बदलली, तर पिवळा रंगही त्याच्यामागे गेला. इंजिनिअर सुटकेच्या स्वरात आमच्या प्रमुख मॅडमना म्हणाला, "मॅडम, यंत्र खरंच बोलतंय."

मॅडमनी मला खोलीत बोलावलं आणि दार लावलं. तो क्रमांक माझा होता.

घाबरू नकोस. रुग्णालयात मी पुन्हा तपासणी करून घेतली. तेच निघालं, शरीर सांध्यांवर उलटलंय, पण वेळेत सापडलं, औषध आहे. सांध्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, सकाळी बोटं आखडतात का? आखडतात. मला वाटायचं, दिवसभर नळ्यांची झाकणं फिरवून होत असेल. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला?

मला माझ्या शाळेतल्या वेण्या आठवल्या. फणी हातात धरून तू म्हणायचीस, "थांब गं, बोटं अजून उठली नाहीत." आई त्याला सोंग म्हणाली, तुझ्या सासरी कामचुकारपणा म्हणाले, एका डॉक्टरने मनाचे खेळ ठरवले. तेव्हापासून तू दवाखान्याची पायरी चढली नाहीस. घरातली पहिली पदवीधर म्हणून माझा फोटो काढला, त्यात तू मागे उभी आहेस, हात पदराखाली.

माझ्या रक्तावरून तुझ्या रक्तातलं सांगता येत नाही, एवढं मी शिकलेय. पण ताई, आखडलेली बोटं कशी असतात हे मला आता कळलंय. ते सोंग नव्हतं.

पुढच्या मंगळवारी सकाळी मला पुन्हा डॉक्टरांकडे जायचंय. त्यांना सांगून ठेवलंय, दोघी येऊ. स्वतःसाठी तू येणार नाहीस, ठाऊक आहे. माझ्यासाठी ये. एकटीने जायची मला खरंच भीती वाटतेय.

तुझीच,
हल्ली बोटं उशिरा उठणारी चिमणी