ब्रेकचा दिवा बघायला कुणीतरी हवं

राजमान्य राजश्री खंडेराव यांस,

नाशिकहून तुमच्या मेहुण्याचा, भिमाजीचा, रामराम. तुमची, वहिनींची आणि नव्या बाळाची प्रकृती उत्तम असावी. माझी कशी आहे ते कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो, बरी आहे.

तुमची बहीण वहिनींच्या बाळंतपणाला दिंडोरीला आली, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. (बाळ आता पालथं पडू लागलं म्हणे. हुशार दिसतंय.) तक्रार आहे ती आमच्या भाजीच्या व्हॅनची. ब्रेक दाबला की मागे लाल दिवा लागतो ना, तो लागेना. परवा बाजाराच्या वाटेवर मी थांबलो आणि मागच्या टांग्याचा घोडा थेट माझ्या मेथीत! वर टांगेवालाच मला दरडावतो. इसाक मिस्त्री म्हणाले, ब्रेकच्या पेडलखालचं बटण गेलं. नवं बटण माझ्या हातात ठेवलं आणि स्वतः मालेगावला लग्नाला गेले. मग काय, मीच गाडीखाली उताणा झालो. बटण बसलं, पण दिवा लागतो की नाही हे बघायचं कुणी? पेडल पुढे, दिवा मागे, आणि घरात माणूस मी एकटा! पेडल दाबून मागे पळालो, तर पेडल सुटलेलं. त्यावर वरवंटा ठेवला, तो मी मागे पोचायच्या आत गडगडला. (वरवंट्याला हल्ली दुसरं काम नाही. मी भाकरी मिठाशी खातो.)

शेवटी शेजारच्या पुतळाबाईंना गाडीमागे उभं केलं. त्या परपुरुषाशी बोलत नाहीत, नुसती मान हलवतात. मी पुढे बसून ओरडतोय, "लागला का?" आणि माझ्या पाठीशी गाडीचा पत्रा. बाई इमानाने मान हलवत राहिल्या. उभी हलवली की आडवी, देव जाणे! तुमची बहीण असती तर "लागला हो!" म्हणून गोदेपल्याड ऐकू जाईल असं ओरडली असती. घर इतकं गप्प झालंय की मी गाडीशी बोलतो.

तेव्हा दिव्यापुरतं तिला पाठवून द्या. गैरसमज नको, काम फक्त दिव्याचं आहे.

आपला,
भिमाजी

ता. क. बाळाला तिचा लळा लागला असेल तर राहू द्या. माझं चाललंय.

आणखी एक. पाकीट चिकटवायचं राहिलंय म्हणून लिहितो. दिवेलागणीला गाडी भिंतीला पाठ करून लावली, ब्रेक दाबून खिडकीतून मागे पाहिलं, तर भिंत लाल! म्हणजे दिवा लागतो. आता ते कारण उरलं नाही. तरी तिला पाठवा, खंडेराव. मला करमत नाही.